जुनं घर, दुरुस्ती चालू आणि आम्ही आतच

कुळागरवाली | ४ जानेवारी

नमस्कार. सहा वर्षं इथं नुसती वाचतेय. पहिला धागा काढतेय तोही अडचणीत सापडल्यावर, तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या सावईवेरेला, कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) वरच्या अंगाला. मुंबईच्या चुलत दिरांचाही त्यात हिस्सा आहे. मध्ये राजांगण (उघडा चौक), भोवती खोल्या, पुढं सोपो (ओसरी). पुढचा अर्धा भाग चिऱ्यांचा आणि मागचा मातीच्या भिंतींचा. असं का, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. सुपारीला भाव आला त्या वर्षी पुढचा भाग उठला असणार, असं आमचे हे म्हणतात. कौलांच्या पाठीवर 'बासेल मिशन, मँगलोर, १८६५' असं उठवलेलं आहे, म्हणजे घर दीडशे वर्षांहून जुनं.

गेल्या पावसात स्वयंपाकघरावरचं आढं वाकलं. खालून बघितलं तर कौलांच्या ओळीला झोळ आलेला दिसतो. माळ्यावर चढून मी एका वाशाला अंगठा लावला, तो सरळ आत गेला. वरचा रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता, आत सगळी वाळवीची माती.

तीन माणसांना आणून दाखवलं. पहिला म्हणाला, पाडा आणि स्लॅब घाला. दुसरा म्हणाला, लोखंडी पाइप टाकून वर पत्रे मारू, दहा दिवसांत मोकळे. तिसरा आमच्या गावचाच म्हातारा मेस्त (सुतार). तो अर्धा तास माळ्यावर टकटक करत फिरला आणि खाली येऊन म्हणाला, निम्मे वासे अजून तुझ्या नातवाला पुरतील.

छप्पर, भिंती, वायरिंग, न्हाणी सगळंच काढायचं आहे. प्रश्न असा की हे चालू असताना घरात राहावं की फोंड्याला फ्लॅट भाड्यानं घ्यावा? मुलगा सातवीत, मी घरून काम करते आणि सासूबाई (आम्ही मांय म्हणतो) ८१ वर्षांच्या. त्यांचं उत्तर आलेलं आहे: "हांव खंयच वचची ना." (मी कुठंच जाणार नाही.) देवाला दिवा कोण लावणार, हा त्यांचा प्रश्न आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

कुणी असं केलंय का?

म्हापशेकार | ४ जानेवारी

बाय, आधी एक गोड गैरसमज मोडतो. १८६५ हे कौलाचं साल नव्हे, कारखान्याचं. बासेल मिशननं त्या साली मंगळुरात कारखाना काढला आणि पुढं कैक वर्षं तेच साल उठवत राहिले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, पुढं कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मिशनचं नाव असलेलं कौल साधारण त्याच्या आधीचं, एवढंच म्हणता येतं. घर मात्र कौलांहून जुनं असू शकतं, कारण मंगळुरी कौलं येण्याआधी घरांवर नळे (अर्धगोल कौलं) असायचे.

आता कामाचं. सरकारी बांधकामात ३१ वर्षं काढली, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो. ५ इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जाते. मंगळुरी कौलं रिपांसकट ६५ किलोच्या आसपास. मातीची भिंत कोरडी असेतो बरंच सोसते, ओली झाली की सोसत नाही. म्हणजे स्लॅब हवी तर खालून कॉलम उभे करावे लागतील. मग ती दुरुस्ती राहत नाही, जुन्या घराच्या आत नवं घर बांधणं होतं.

मेस्ताचं ऐका. आणि कॅलेंडर भिंतीवर लावा. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, वर्षाचा ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यातले वळीव धरले तर १० मेला छप्पर बंद झालं पाहिजे. राजांगण आहे हे तुमचं नशीब: चारी बाजूंची छपरं वेगवेगळी उतरवता येतात. एका वेळी एकच बाजू उघडा. मेस्त काहीही म्हणो, दुसरी बाजू उघडू देऊ नका. आणि राजांगणाच्या कोपऱ्यांत जिथं दोन उतार मिळतात तिथली पन्हळ स्वतः उभं राहून बसवून घ्या.

डिचोलीचो | ५ जानेवारी

सगळे जुन्या घराच्या प्रेमात आहेत म्हणून दुसरी बाजू मी मांडतो, शिव्या घाला.

आमचंही असंच घर होतं. दर वर्षी शाकारणी (कौलं काढून पुन्हा बसवणं). वर चढणारी माणसं मिळत नाहीत, जो मिळतो तो दोन फुटकी बदलताना चार फोडून उतरतो. उरलेली कौलं माकडं फोडतात. वडील ७० वर्षांचे होईतो रात्री पावसात उठून पातेली लावत फिरायचे. २००८ मध्ये पाडून स्लॅबचं बांधलं. उन्हाळ्यात भट्टी होते, मान्य. पण पावसात झोप लागते. फोटो काढायला येणाऱ्यांना जुनं घर सुंदर वाटतं, पातेली त्यांना उचलायची नसतात.

सोपो_आणि_चा | ५ जानेवारी

+१ पातेल्यांना.

पर्वरीहून | ५ जानेवारी

आम्ही बाहेर राहिलो होतो, त्याचा अनुभव लिहिते. काम सात महिन्यांचं सांगितलं, चौदा लागले. दोन्हीकडचा खर्च झाला तो झालाच. पण खरी गंमत पुढं. रोज कुणी नसायचं, म्हणून आम्ही शनिवारी जायचो. शनिवारी गेलं की भिंत झालेली असायची. आत काय घातलंय ते कसं कळणार? देवखोलीची जुनी सागवानी चौकट 'वाळवी लागली म्हणून जाळली' असं सांगितलं. त्या चौकटीला वाळवी लागणं शक्य नव्हतं. मी लहानपणापासून त्यावर डोकं आपटत आलेय.

पण तुमच्याकडे ८१ वर्षांच्या बाई आहेत. धूळ, रात्री अंधारात उघडे खड्डे, संडास लांब. नीट विचार करा.

आरूची_आई | ६ जानेवारी

मुलं असतील त्यांच्यासाठी. जुन्या दारं-खिडक्यांवरचे ऑइलपेंटचे थर कोरडे घासू देऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. पाणी मारून ओलं खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, पोपडे गोळा करून बाहेर टाकायचे. मशीननं घासलं की ती पूड घरभर होते आणि बाळं जमिनीवर रांगतात. गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तेही फोडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतो. भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे.

वायरमन_केपें | ६ जानेवारी

काम सुरू करायच्या आधी मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. नंतर नको, आधी. कामगार ड्रिल आणि कटर तुमच्याच प्लगला लावणार, वायर ओल्या मातीतून नेणार. जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली वायर असते, तिचं वरचं आवरण बोटानं चुरा होतं. आणि तुम्ही त्याच घरात अनवाणी फिरणार.

कुळागरवाली | २६ जानेवारी

सगळ्यांचे आभार. राहायचं ठरलं. खरं तर ठरवलं मांयनी, आम्ही होकार दिला.

वायरमनचं ऐकून आरसीसीबी आधी लावला. पहिल्या आठवड्यात तो तीनदा पडला. कामगार म्हणाले, खराब आहे, काढा. चौथ्यांदा पडला तेव्हा कळलं की कटरची वायर एका ठिकाणी सोललेली होती. काढला असता तर?

सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. तिथली मागची भिंत कित्येक वर्षं गुडघ्यापर्यंत ओली असायची. १९९० च्या सुमाराला चुलतसासऱ्यांनी 'कायमचा बंदोबस्त' म्हणून तिला सिमेंटचा गिलावा केला. त्यानंतर ओल कमरेपर्यंत आली. परवा गवंड्यानं छिन्नी लावली तर हातभर रुंदीचा थर दाराच्या फळीसारखा अख्खा सुटून आला. आत भिंत थंडगार आणि काळपट. मी चिमूट घेतली तर भाकरीच्या पिठासारखी बोटांना चिकटली. वास मात्र पहिल्या पावसाचा, फक्त कोंडलेला. तीस वर्षांहून जास्त ही भिंत अशी ओली उभी होती आणि आम्ही तिच्यावर मसाल्याची फळी ठोकली होती.

@म्हापशेकार काका, आता काय लावू?

म्हापशेकार | २६ जानेवारी

काही लावू नका. आधी वाळू द्या. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच, तुमच्या घराला वरून कुळागराचं पाणी. पूर्वी ती बाहेरच्या बाहेर वाळून जायची. सिमेंटनं वाट बंद केली म्हणून ती वर वाट शोधत गेली. दीड-दोन महिने उघडी ठेवा, दारं-खिडक्या उघड्या, आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूला मातीचा भराव चढला असेल तर तो उतरवून चर काढा. नव्वद टक्के घरांत तो चढलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या अंगण झाडून कचरा भिंतीला लावत गेल्यावर काय होणार?

मग मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा, तूस किंवा बारीक पेंढा मिसळून, आणि वर चुन्याची सफेदी. चुन्याचा गिलावा पुढच्या चिऱ्याच्या भागाला. त्यासाठी चुना आजच विरवायला घाला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. सावध, कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. एक थेंब डोळ्यात गेला तर पस्तावाल. पोराला लांब ठेवा.

डिचोलीचो | २७ जानेवारी

चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला तर मला कळवा. मी त्याचा सत्कार करतो.

कुळागरवाली | २७ जानेवारी

:) शोधतेय. आमच्या गवंड्यानं चुन्याला हात लावलेला नाही, पण त्याचे वडील करायचे. ते येऊन खुर्चीवर बसून सांगणार आहेत. सिमेंटसारखा सकाळी मारून संध्याकाळी रंग नाही. पातळ थर, तो ओला ठेवायचा, मग पुढचा. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात म्हणे. गूळ बघून मांय म्हणाल्या, भिंतीला गोड आणि मला मधुमेह.

नोटरीबाय | २ फेब्रुवारी

भिंती ठीक, कागद बघितले का? घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. फॉर्म १ आणि १४ वर (जमिनीच्या उताऱ्यावर) कुणाकुणाची नावं आहेत ते काढा. वाटणी झाली नसेल तर इन्व्हेंटरी (वारसांत कोर्टातून वाटणी) करावी लागते, २०१२च्या वारसा कायद्यात तिची रीत दिलेली आहे. विकायचं झालं तर गोव्यात नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे मुंबईतल्या चुलत दिरांबरोबर जावाही आल्या. मागच्या मांगरात (खोपटात) कुणी कुटुंब राहत असेल तर मुंडकार कायदाही बघा, १९७५चा, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांना संरक्षण देणारा. आणि तुम्ही घातलेल्या पैशांच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. आज सगळे 'कर गं' म्हणतात.

कुळागरवाली | २ फेब्रुवारी

तेच झालं. दुरुस्तीच्या परवान्यासाठी पंचायतीनं सहहिस्सेदारांची संमती मागितली. फोनवर सगळे 'कर, कर, घर टिकलं पाहिजे'. कागद पाठवला तर एकाचं उत्तर तीन आठवडे नाही. शेवटी मांयनी फोन केला. काय बोलल्या माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी कुरियर निघालं.

कुळागरवाली | १४ एप्रिल

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. 'राहून कसं जमतं' असं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारणाऱ्यांसाठी.

स्वयंपाकघर आत्तापर्यंत तीनदा हललं. आधी सोप्याच्या कोपऱ्यात, मग मांगरात, आता देवखोलीशेजारच्या खोलीत. दर वेळी शेगडी, सिलिंडर आणि दोन टोपल्या भांडी, बाकी सगळं बांधून माळ्यावर. ताडपत्री दाराला नुसती टांगली तर धूळ खालून येते. वर पट्टी ठोकून खाली चिरा ठेवला तेव्हा थांबली. तरी गुळाच्या झाकलेल्या डब्यात लाल पूड सापडली. ती कशी गेली, हे मला कुणी पटवून द्यावं.

एक नियम केला तो मात्र कामी आला: नवा संडास-न्हाणी चालू झाल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. ठेकेदाराला ते पटत नव्हतं, एकदम काढलं की स्वस्त पडतं म्हणे. नवी न्हाणी मातीच्या भिंतीपासून सुटी, मागच्या बाजूला, चिऱ्यांची आणि (डिचोलीचो, वाचा) वर स्लॅब घातलेली. पाण्याची जागा मातीच्या भिंतीला चिकटवायची नाही एवढंच बघितलं.

वाशांची मोजणी झाली. ६४ पैकी २९ गेलेले. मेस्त निम्मे म्हणाला होता, नुसत्या टकटकीवरून! नवे किंदळाच्या लाकडाचे घातले, जुन्यांतला एक फणसाचा वासा कापून बघितला तर आत हळदीसारखा पिवळा.

कौलं उतरवताना धामण निघाली, मेस्ताच्या पायावरून गेली. तो शिडीवरून उतरला नाही, थेट खालीच आला. हातमोजे घातल्याशिवाय कौलांच्या ढिगात हात घालू नका.

आणि मांय. त्यांची खुर्ची सोप्यावर. कोण कधी आला, किती पोती आली, चहाला किती वेळ बसले, सगळा हिशेब तोंडपाठ. एका दुपारी मी मीटिंगमध्ये होते, बाहेर आरडाओरडा. गवंडी चुन्यात मूठभर सिमेंट टाकत होता, 'लवकर धरतं' म्हणून. रंग बदललेला त्यांना खुर्चीवरून दिसला. त्या बाईंना मोतीबिंदू आहे.

पर्वरीहून | १४ एप्रिल

तुमच्या मांय चौदा महिने उसन्या मिळाल्या असत्या तर माझी चौकट वाचली असती.

कुळागरवाली | ६ जून

१० मे हुकला. शेवटची बाजू, देवखोलीची, २७ मेला बंद झाली. त्याआधी दोन वळीव ताडपत्रीवर काढले. रात्री दोनला हे आणि मुलगा टॉर्च घेऊन ताडपत्रीवरचं पाणी बांबूनं ढकलत होते. देव महिनाभर पुढच्या खोलीत होते. भटजींना विचारून हलवले, दिवा एकदाही चुकला नाही.

परवा पाऊस लागला. सगळे राजांगणाकडे तोंड करून बसलो, सिनेमा बघावा तसे. चारी बाजूंनी पागोळ्या आणि घरात थेंब नाही. डिचोलीचो, झोप लागली.

कुळागरवाली | ९ जुलै

गळतंय. :(

राजांगणाच्या ईशान्येच्या कोपऱ्यात. जोराचा पाऊस असला की भिंतीवरून बारीक ओघळ. मांय म्हणाल्या, मी लग्न होऊन आले त्या पावसातही तिथंच गळत होतं. आणि मग, "हांवें सांगिल्लें न्हय?" (मी सांगितलं होतं ना?) सांगितलं होतं, मार्चमध्ये. मी 'हो हो, बघू' म्हटलं होतं.

म्हापशेकार | ९ जुलै

पन्हळीचा पत्रा किती रुंद आहे? दोन्हीकडची कौलं त्यावर किती आलीत? कोपऱ्यात दोन छपरांचं पाणी एकत्र येतं, अरुंद पत्र्यातून ते उसळून कौलाखाली जातं. आत्ता कुणाला वर चढवू नका, ओल्या कौलांवर पाय घसरेल. उघडीप मिळेतो पातेलं लावा.

डिचोलीचो | ९ जुलै

मी काही बोललेलो नाही.

कुळागरवाली | २० सप्टेंबर

चवथ झाली, निवांतपणी लिहितेय.

काका, पत्रा अरुंदच होता, वर एका बाजूची कौलं जेमतेम दोन बोटं आलेली. ऑगस्टमध्ये चार दिवस ऊन पडलं तेव्हा मेस्तानं रुंद पत्रा घातला. त्यानंतर दोनदा चांगला पाऊस झाला, कोपरा कोरडा. मांय अजून रोज सकाळी तिथं हात लावून बघतात.

माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायची जुनी चौकट माळ्यावर सापडली. नव्या वाशांना तिच्या कड्या नव्हत्या हे चवथीच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. मेस्त चतुर्थीच्या सामानाची पिशवी हातात घेऊनच आला, कड्या ठोकल्या, चहाही न घेता गेला. मुंबईचे चुलत दीर-जावा आले होते. सगळ्यांनी घर फिरून बघितलं. एकानं विचारलं, खर्च किती आला? मी फाइल दाखवली, नोटरीबायनं सांगितलेली. ते म्हणाले, नंतर बघू.

बाहेरच्या खोलीचा चुन्याचा गिलावा अजून राहिलाय, तो आता दिवाळीनंतर. म्हणजे शेगडी चौथ्यांदा हलणार.

बरं, मिशनची जुनी कौलं २०० च्या आसपास उरली आहेत, न तडकलेली. कुणाला शाकारणीला हवी असतील तर व्यनि करा. पैसे नकोत, पण न्यायला स्वतः या आणि हातमोजे घेऊन या.

डिचोलीचो | २० सप्टेंबर

गोठ्याला हवीत. रविवारी आलो तर चालेल?